रुखवताची उशी आणि अर्धी पोकळ गिटार

॥ श्री ॥

पुणे,
९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. चिंतामणकाकांस,
नीरजाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं खुशाल आहे. हल्ली फोन केला की तुम्ही दोनदा हो म्हणता आणि फोन काकूच्या हातात देता, म्हणून म्हटलं सरळ पत्रच टाकावं. अक्षराला हसू नका. कॉलेज सुटल्यापासून सहीखेरीज हातानं काही लिहिलेलं नाही.

काम असं आहे. ऑफिसातल्या आम्ही काही जणांनी जुन्या गाण्यांचा एक गट काढला आहे आणि जानेवारीत आमचा कार्यक्रम आहे. गिटार माझ्या गळ्यात पडली, कारण मी बढाई मारली होती की माझे काका मेहकरच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला त्यांनीच शिकवलं. आता स्वतःची घ्यायची आहे, आणि मला सेमी-हॉलो हवी आहे. म्हणजे अंगानं अर्धी पोकळ. मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही कुशी रिकाम्या, आणि वर व्हायोलिनला असतात तशी दोन नागमोडी भोकं. जुन्या गाण्यांना ती फार गोड लागते. वीस-बावीस हजारांत बरी मिळते म्हणतात, पण दुकानात गेलं की सगळ्याच सुंदर दिसतात आणि माझी मती गुंग होते.

म्हणून तुम्ही निवडून द्या. मी तीन बाजूला काढून ठेवायला सांगितल्या आहेत. एखाद्या रविवारी दुकानातूनच फोन लावीन आणि एकेक वाजवून दाखवीन. तुमच्या कानांवर माझा जितका भरवसा आहे तितका माझ्या स्वतःच्या कानांवर नाही.

काकूला नमस्कार. तुमचा लोभ लहानपणापासून हक्कानं घेत आले, आता मोठी झाले म्हणून त्यात काटछाट करू नका.

तुमची,
नीरजा

—

॥ श्री ॥

मेहकर,
१७ सप्टेंबर २०२४

चि. नीरजास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा वाटलं पेन्शनीचं काहीतरी झेंगट आलं. उघडून पाहतो तर तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर. दोनदा वाचलं, फार बरं वाटलं. फोनचं म्हणशील तर इकडे रेंज नावाची चीज उरलेली नाही, नुसती खरखर. त्यातून तुझी काकूही हल्ली फार हळू बोलू लागली आहे. वय झालं तिचं. तेव्हा पत्र उत्तम.

अर्धी पोकळ वस्तू पुरे पैसे मोजून घेणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. बाजारातून आणलेलं टरबूज पोकळ निघालं तर आपण ते परत नेऊन देतो. पण तुला सांगतो, ही अर्ध्या पोकळपणाची अक्कल साहेबलोकांच्या आधी मला सुचली होती. माझी गिटार सगळी पोकळ. नागपूरहून जुनी आणलेली, वर आवाज उचलणारी पट्टी स्क्रूनं बसवलेली. हळू वाजवली तर मध. आवाज वाढवला की स्पीकरचा नाद तिच्या पोटात शिरायचा आणि ती अशी हंबरायची की विचारू नको. बीबी गावच्या बाजारात आमचा कार्यक्रम होता. ऐन रंगात ती हंबरली आणि समोर सोडलेली बैलजोडी दावं तोडून पळाली. मी थांबणार, तर ढोलकीवरचा दयाराम ओरडला की थांबू नको बे, लोकायले हे गाण्यातलंच वाटून राह्यलं. आणि खरंच, लोकांनी वन्स मोअर दिला.

घरी आलो तो विचार करत. तुझी काकू तेव्हा नवी नवरी. तिच्या रुखवतात एक उशी होती, मोरांचं भरतकाम केलेली. ती उसवली आणि आतला कापूस भोकातून गिटारीच्या पोटात कोंबला. त्या दिवसापासून गिटार शहाणी झाली आणि तुझी काकू जी रागावली ती अजून पुरती निवलेली नाही. मी कापूस भरला, त्यांनी लाकूड भरलं, फरक एवढाच. पुढे त्या गिटारीला वाळवी लागली. मोरांचा अभ्रा मात्र काकूनं जपून ठेवला आहे, पुरावा म्हणून.

आता सल्ला. फोनवर कशाला ऐकवतेस, इथूनच सांगतो. गिटार डोळ्याशी धरून दांडी सरळ आहे का पाहा. दांडीवरच्या पट्ट्यांच्या कडा हाताला टोचता कामा नयेत. खुंट्या पिळून सूर लाव, चहा पिऊन ये आणि पुन्हा बघ, उतरला असेल तर सोडून दे. आणि वायर न जोडता वाजव. भरीव गिटार वायरीवाचून मुकी असते. अर्धी पोकळ असेल तर तिनं आपल्याशी हळूच का होईना, बोललं पाहिजे. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तशी तिलाही एक मार. दुकानदार हसला तर हसू दे.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते खर्च केलेस तरी कमी व्हायचे नाहीत.

तुझा,
चिंतामणकाका

—

पुणे,
३० सप्टेंबर २०२४

सौ. पद्मजाकाकूस,
नीरजाचा सा. न. वि. वि.

काकू, हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. काकांनी विचारलं तर चकलीची कृती विचारली होती असं सांग.

काल दुकानातून मी फोन लावला. तूच उचललास आणि काकांना दिलास. मी पहिली गिटार वाजवली. मग आता दुसरी ऐका असं म्हणून तिचा प्लग लावते न लावते तोच दुकानातले दिवे गेले आणि सगळा आवाज बंद. मी तारेला बोटही लावलं नव्हतं. दिवे गेले हे सांगणार, तेवढ्यात काका म्हणाले की वा, ही दुसरी फार गोड आहे, हिच्या खर्जात काय भरदारपणा आहे, बेटा हीच घे. इतके रंगून बोलत होते की दिवे गेल्याचं मी सांगितलंच नाही. मी नुसतं, हो काका, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवे आले तरी मी तिथेच बसून राहिले. गिटार न घेताच परत आले. माझा काका मैदानाच्या टोकाला उभा राहून कुणाची तार उतरली ते सांगायचा. काकू, त्यांना ऐकू येत नाही का? कधीपासून? खरं काय ते लिही. मला फार भीती वाटते आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नीरजा

—

॥ श्री ॥

मेहकर,
६ ऑक्टोबर २०२४

चि. नीरजास,
काकूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्यापासून काय लपवू? वर्ष दीड वर्ष होऊन गेलं. मला ते माहीत, त्यांनाही माहीत, पण कुणी बोलून दाखवायचं नाही, असा आमचा संसार चालला आहे. शेजारच्या पुष्पाबाई येऊन विचारून गेल्या की टीव्ही एवढा मोठा काऊन लावता, आमच्या घरी बसून तुमच्या बातम्या ऐकू येऊन राह्यल्या. तर हे म्हणाले, पद्मजाला कमी ऐकू येतं. मी मान डोलावली. काय करणार?

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं आहे. ते म्हणाले की नस शाबूत आहे, कानातली बारीक हाडं आखडली आहेत. मशीन दिलं. ते यांनी एक दिवस लावलं, भजनाला गेले आणि अर्ध्यातून परत आले. पेटी ऐकली की भांडी घासल्यासारखं वाटतं म्हणाले. मशीन कपाटात गेलं आणि भजनही सुटलं. जे सूर डोक्यात आहेत ते तरी नीट राहू दे, असं एकदाच बोलले. पूर्वी दाढी करताना गुणगुणायचे. आता घरात नुसता वस्तऱ्याचा आवाज येतो. नीरजा, मला तो ऐकवत नाही गं.

एक सांगते, त्यात तुला काही अर्थ दिसला तर बघ. डॉक्टरांनी ठोकला की सुरात घुमणारा एक लोखंडी चिमटा घेतला, तो ठोकून आधी यांच्या कानाजवळ धरला. यांना काहीच ऐकू आलं नाही. मग तोच कानामागच्या हाडावर टेकवला. तर हे एकदम हसले आणि म्हणाले की डॉक्टरसाहेब, तुमचा चिमटा किंचित चढा लागलाय. कितीतरी दिवसांनी त्यांना तसं हसताना पाहिलं.

त्यांना रागावू नकोस आणि उघडंही पाडू नकोस. फजिती सोसेल, पण तुझ्यासमोरची सोसायची नाही. दिवाळीला ये.

तुझी वाट पाहणारी,
काकू

—

पुणे,
२० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. काकांस,
नीरजाचा सा. न. वि. वि.

एक वाईट बातमी आणि एक चांगली. वाईट ही, की तुम्ही पसंत केलेली दुसरी गिटार मी जाईपर्यंत विकली गेली. चांगली ही, की मी तिसरी घेतली आहे, लाल रंगाची.

निवड तुमच्या सल्ल्यानंच केली. दांडी पाहिली, कडांवरून बोट फिरवलं, चहा पिऊन आले, टिचकी मारली. दुकानदार हसला. पण दुकानात एवढा कालवा होता की वायरीवाचून ऐकू काय येणार? मग मी कानात कापसाचे बोळे घातले, गिटार पोटाशी घट्ट धरली, तिच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि तार छेडली. काका, सूर थेट डोक्यात! पहिली नुसती दातांत कुरकुरली. तिसरीची मात्र रिकामी कूस फासळ्यांना हलवत होती आणि मधला ठोकळा हनुवटीशी बोलत होता. कानानं विचारलं असतं तर मी पहिलीच घेतली असती, तिचा आवाज जास्त चकचकीत आहे. हनुवटीनं तिसरी म्हटलं. दुकानदाराला वाटलं असणार, बाई गिटार विकत घेते आहे की चावते आहे.

दिवाळीला घेऊन येते. तुम्हीही अशीच पारखून द्या, नाहीतर माझी निवड पक्की व्हायची नाही. काकूला सांगा, उशा लपवून ठेव.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे, हे पुन्हा एकदा बजावून सांगणारी,
नीरजा

—

॥ श्री ॥

मेहकर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. नीरजास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. हात मोकळा नव्हता, गिटारीत अडकलेला होता.

पाडव्याच्या सकाळी ओसरीवर तू ती माझ्या मांडीवर ठेवलीस आणि हनुवटी टेकवा म्हणालीस, तेव्हा मला खरं तर राग आला होता. पोर आपली परीक्षा पाहते आहे असं वाटलं. तार छेडली ती तुझ्या समाधानासाठी. आणि बाई, सा आला. भांड्यांचा नाही, खरा. जसा माझ्या डोक्यात होता तसाच, जरासुद्धा न गंजलेला. मला वाटलं होतं तो आता फक्त आठवणीत राहिला. डोळ्यांत फटाक्याचा धूर गेला असं मी म्हणालो, पण त्या वेळी गल्लीत एकही फटाका वाजत नव्हता, हे तुझ्या काकूनं मागाहून सांगितलं. मी रडलो गं. आनंदानं रडलो, आणि एवढे दिवस एकटाच भीत बसलो होतो म्हणूनही रडलो.

बसला सणाची गर्दी आहे, गिटार दबेल, म्हणून ती इथे ठेवून गेलीस. सण कधीच सरला, गर्दी ओसरली, तू मागत नाहीस. खोटं बोलण्यात अगदी माझ्यावर गेलीस.

परवा सुलतानपूरहून दयाराम आला. त्यानं काकूचा पिठाचा डबा पालथा घालून ठेका धरला आणि आम्ही बीबीच्या बाजारातलं ते गाणं घेतलं. मी हनुवटी टेकवून वाजवत होतो. मधेच तो थांबला आणि म्हणाला की लेका, गिटार वाजवून राह्यला का तिचा मुका घेऊन राह्यला? हे मला ऐकू आलं, कारण कपाटातलं ते मशीन मी आता लावतो. सुरांसाठी ते बेकारच आहे, पण माणसांसाठी बरं आहे. तुझी काकू हळू बोलत नाही हेही त्यामुळे कळलं. इतक्या मोठ्यानं बोलते की दोन दिवस पश्चात्ताप झाला. काल दाढी करताना गाल कापला. ती तुरटी घेऊन धावत आली आणि हसतच राहिली. मी म्हणे गुणगुणत होतो.

जानेवारीत कार्यक्रमाच्या आधी गिटार मी स्वतः घेऊन येतो. तुझ्या काकूनं त्या मोरांच्या अभ्र्याला नवं कापड जोडून तिला खोळ शिवली आहे. चाळीस वर्षांचा राग असा मिटला, त्याचं श्रेय तुला.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा लोभ आमच्यावर आहे हे आता कानांनीच नव्हे, हाडांनीही ऐकलं आहे.

तुझा,
चिंतामणकाका

ता. क. काकूनं मला सगळं सांगितलं, दुकानातले दिवे गेल्याचंही. ती दुसरी गिटार विकली गेली हेही मला खरं वाटत नाही. त्या दुकानात पुन्हा गेलीस तर तिला एकदा वाजवून ये. मी बिचारीची एवढी तारीफ केली, कुणीतरी एकदा ती ऐकायला हवी.