चादरीचं दुसरं टोक

रुसूबाईस, तुझ्या अडाणी आईचा आशीर्वाद.

मी सांगतेय आणि तुझी भाची लिहितेय, तेव्हा अक्षर बघून आई शिकली असं समजू नकोस.

माझ्या डाव्या हाताचं ऑपरेशन झालं. मनगट कित्येक वर्षं ठणकत होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक जन्मापासूनच जरा लांब आहे, ते मनगटाला टोचतं." मी म्हटलं, "जीभ लांब आहे हे ठाऊक होतं, हाडाचं आजच कळलं." त्यांनी हाड कापून आखूड केलं, धातूची पट्टी बसवली, वरून प्लास्टर घातलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

मला आपलं धुलाईघर आठवलं. ओली चादर पिळताना एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. तू कळवळून टोक सोडलंस, चादर चिखलात पडली आणि मी सगळ्या बायकांसमोर ओरडले, "नाटकं करते मेली!" त्याच आठवड्यात तू घर सोडलंस. माझंही मनगट तेव्हा दुखतच होतं गं. मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं, कुणी बोलत नाही इतकंच.

डॉक्टरांना म्हटलं, "माझ्या मुलीला आहे. खरंच आहे."

तूही हात दाखवून ये कुणाला तरी.

भाची म्हणते, "आजी, अंगठा उठव, मी पाकीट चिकटवते." मी म्हणते, डाव्या हाताचं प्लास्टर निघू दे. पाकीट तू न उघडता परत पाठवलंस तर काय करू? खरं सांगू, प्लास्टर निघून दोन महिने झाले, बाई.

तुझी,
एक हाड आखूड झालेली आई