मागच्या एक्सलवरची रेघ

आप्पा, तुमच्या गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली, जिथं तुम्ही ट्रकचे उतरवलेले गिअरबॉक्स मांडून ठेवायचा, तिथं गेले पाच महिने एक लाल गाडी उभी आहे. दोन माणसं बसतील एवढीच. जमिनीला इतकी टेकलेली, की तुम्ही बघून विचारलं असतं, "ह्यात बसायचं का निजायचं?" तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. मी पुण्याची नोकरी सोडून उमरग्याला परत आले, शटरवरचा जुना रंग तसाच ठेवला आणि तुमचंच काम करते. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, एक्सल. हायवेवरचे ड्रायव्हर पहिलं वर्षभर विचारायचे, "मिस्त्री कुठं हायत?" आता विचारत नाहीत.

गाडी इथल्याच एका डॉक्टरांची आहे. कान-नाक-घशाचा दवाखाना आहे त्यांचा, माणूस शांत. त्यांनी ही परदेशी गाडी जुनी विकत घेतली आणि हैदराबादेत तिला सुपरचार्जर बसवून घेतला. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ताकद एकदम वाढते. पण वाढली ती फक्त इंजिनाची. ती ताकद चाकापर्यंत नेणारं बाकी सगळं, क्लचपासून चाक फिरवणाऱ्या एक्सलच्या दांड्यापर्यंत, मूळ इंजिनाच्या मापाचंच राहिलं. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "जोरात दाबलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पुढं जात नाही." क्लच घसरत होता. मला जागेवरून न उठता कळलं.

आणि तुमची आठवण झाली. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला घरी आलेय. एका ट्रकचा क्लच घाटात घसरतोय म्हणून मी मोठ्या ट्रकचे कडक स्प्रिंग शोधून बसवलेत. ड्रायव्हर खूश, मी खूश. तुम्ही जेवून येता, खाली वाकून बघता आणि त्या ड्रायव्हरसमोरच म्हणता, "काढ ते." मी म्हणते, "आता घसरत नाही ना आप्पा." तुम्ही आवाज चढवत नाही. "घसरतोय म्हणून फुडचं टिकतंय, पोरी. तू त्याला घसरूच दिलं न्हाईस, तर तो जोर जायाचा कुठं?" मी रडत रडत सगळं परत खोललं. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही माझ्या ताटात आधी वाढलंत. तुमच्या हाताला सोड्यानं धुऊनही डिझेलचा वास होता.

इतकं पाठ असून मी डॉक्टरांच्या गाडीला कडक क्लच बसवला. त्यांना सांगितलं, "आता मागचे एक्सलपण बदलावे लागतील, ते बाहेरून मागवावे लागतील, तीन महिने तरी जातील." ते म्हणाले, "मागवा. तोवर मी जपून चालवतो." मी हो म्हणाले. जुने एक्सल परत बसवायच्या आधी दोन्हींवर तुमच्यासारखीच पांढऱ्या रंगानं एक सरळ रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक्सल पिळवटला तर रेघ तिरपी होते, हे तुम्ही मला पुस्तकाच्या कितीतरी आधी दाखवलं होतं.

मग गाडी तपासायला मी लोहाऱ्याच्या रस्त्यावर नेली. रस्ता मोकळा होता. मी तिसऱ्या गिअरात पाय पूर्ण दाबला. आप्पा, पाठ सीटला चिकटली. परत वळले, पुन्हा दाबला. मग उभी करून क्लच एकदम सोडून बघितला, तोही दोनदा. तपासायला एवढ्याची गरज नव्हती. परत येऊन खाली बघितलं तर उजवीकडची रेघ सरळ होती आणि डावीकडची काडीभर कललेली. मी बोट फिरवून बघितलं. रंग ओघळला असेल असं म्हणाले, स्वतःशीच. रंग ओघळलेला कसा दिसतो ते मला माहीत आहे. डॉक्टर बाहेर उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यांच्या आईला तेरला, तिच्या माहेरी, न्यायचं होतं. ती पहिल्यांदा या गाडीत बसणार होती. मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

लोहाऱ्याच्या अलीकडं ते उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडत होते. समोरून टेम्पो आला. अंतर होतं, जोर दिला असता तर सहज निघाले असते. त्यांनी दाबलं आणि डावा एक्सल तुटला. इंजिन ओरडत राहिलं, चाकाला काहीच पोचेना. त्यांनी गाडी उजवीकडं शेतात घातली. त्यांना खरचटलं फक्त. आईंचा उजवा हात कोपरापाशी मोडला, आत धातूची पट्टी बसवावी लागली. क्रेननं गाडी माझ्याकडंच आली. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं असेल?" मी म्हणाले, "एक्सल जुना होता." ते म्हणाले, "हं."

तुटलेला तुकडा मी बघितला. कडेचा भाग काळपट, आतला साखरेसारखा चमकणारा. म्हणजे चीर आधी पडली होती, बाकीचं त्या दिवशी गेलं. बघून मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे हे कळत होतं. मी तो तुकडा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि बाहेर एका टेम्पोचा गिअरबॉक्स उतरवायचा होता तो उतरवला. नंतरचे दोन महिने असेच गेले. जेवण वेळेवर होत होतं. झोप लागत होती. त्याचंच नवल वाटायचं.

मग एका दुपारी मी डॉक्टरांच्या घरी गेले. का त्याच दिवशी गेले, ते सांगता येणार नाही. आई स्वयंपाकघरात होत्या. डाव्या हातानं भाकरी थापत होत्या आणि ती एका बाजूला जाड होत होती. मला म्हणाल्या, "ये गं. गाडी लई खाली हाय तुझ्या डॉक्टरची. बसतानाच म्या म्हणलं, ह्यातनं उठायचं कसं?" आणि हसल्या. डॉक्टर जेवायला बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. रेघ, काडीभर कललेली, मी बघितली होती, मी बोलले नाही. माझ्याच हातून ती पिळवटली असणार, हेही सांगितलं.

आईंचा हात थांबला. डॉक्टरांनी घास ताटात ठेवला.  मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतं तर मी थांबलो असतो का, मला माहीत नाही." ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "पण सांगायला पाहिजे होतं."

"व्हय," मी म्हणाले. 

आई तव्याकडं वळल्या. "कोपर वाकंना झालंय अजून," एवढंच म्हणाल्या, माझ्याकडं न बघता. मला बस कुणी म्हणालं नाही, जा म्हणूनही कुणी म्हणालं नाही. मी चपला घालून निघाले.

नवे एक्सल गेल्या आठवड्यात आले. खोकं फोडलेलं नाही. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "असू द्या सध्या." गाडी ते नेतही नाहीत, विकतही नाहीत. रस्त्यात दिसले तर मान हलवतात. आई आता उजव्या हातानं पेला उचलतात, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं. ऐकून बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

हे लिहून कुठं टाकायचं नाही, ते लिहायला बसतानाच ठरलं होतं. आणखी एक आहे, तेवढं सांगते. गोष्ट आता गावात कळलीय. लोकांना वाटतं, मिस्त्री असते तर ही पोरगी असं वागली नसती. तसं नाही आप्पा. तुम्ही असता, तर तुमच्या नजरेला पडू नये म्हणून, तुम्ही दुपारी जेवायला घरी गेल्यावर मी तो तुटका तुकडा भंगारवाल्याला देऊन टाकला असता.