पुरात गेलेला एराल्दो

३ मार्च, कार्निव्हलचा रविवार

आज एक मुखवटा घरात येऊन गेला. 

तसे सकाळपासून पुष्कळ आले. येणारच! नखशिखांत झाकलेले, हातमोजे चढवलेले, कागदाच्या लगद्याचे रंगीत चेहरे लावलेले. निम्म्यांचे झगे मीच शिवलेत. घरात शिरायचं, मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट आंगू खायचा आणि एक शब्दही न बोलता निघायचं — बोलला तो ओळखला गेला. गावाची ही जुनी गंमत.

हा दुपारी आला. एकटाच. काळा झगा, पिवळा चेहरा. झगा माझ्या हातचा नव्हता. मी वाटी पुढे केली, ती घेतली नाही. सरळ चुलीपाशी गेला, पातेलं तिरकं केलं, भिंतीकडे तोंड करून मुखवटा नाकापर्यंत उचलला आणि बुडाची खरपुडी खरवडून खाल्ली.

खरपुडी एराल्दो खायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी चिडवायचे, "अरे, पातेलं तरी ठेव!"

माझा नवरा चार वर्षांपूर्वी इपोजुका नदीच्या पुरात गेला. मोटरसायकल सापडली पुलाखाली. तो नाही.

जाताना त्या मुखवट्यानं सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. किटेरियाबाई त्यांचं नाव. गेली चार वर्षं म्हणताहेत, तो जिवंत आहे, डोक्याला मार लागून सगळं विसरलाय. आज हसल्या.

"पाहिलंस, नाल्वा? अंगानं भरलाय जरा."

४ मार्च

मेलेली माणसं भरतात का अंगानं?

२० एप्रिल, ईस्टरचा आदला दिवस

चौकात येशूचा घात करणाऱ्या जुदासचा पुतळा टांगला होता. पोरं काठ्यांनी बडवत होती, बायका शिव्या घालत होत्या, सगळे हसत होते. मीही हसत होते — मग पुतळा वळला. अंगात एराल्दोचा निळ्या चौकड्यांचा शर्ट! खिशाला माझ्या हातचं रफू.

मी गर्दीत घुसले. "काढा तो! आधी तो शर्ट काढा!" कुणीतरी म्हणालं, "बाईला उन्हाचा त्रास झालाय." तोवर पुतळा पेटला होता. शर्ट सगळ्यात आधी जळाला.

घरी येऊन पेटी उघडली. शर्ट नव्हता.

"मीच दिला पोरांना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला आता घट्टच झाला असता. तू दुसरा शिव. छातीला चार बोटं जास्त धर."

मी ओरडले नाही. कापड मात्र बेतलं नाही. नाही म्हणजे नाही.

२३ जून, संत जुवांवच्या सणाची संध्याकाळ

दारोदार होळ्या पेटल्यात. डोळे चुरचुरताहेत. दिवसभर मक्याची कणसं किसली, बोटं सोलून निघाली.

बेकरीवाला जुव्हेनाल आला. विधुर माणूस, सभ्य, अंगाला कायम पिठाचा वास. होळीशी उभा राहून कणीस भाजत होता, आणि कणसाकडेच बघत म्हणाला, "नाल्वा, माझ्याशी लग्न कर. उद्याच सांग असं नाही. पण विचार कर."

"कणीस जळतंय," मी म्हणाले.

"जळू दे गं!"

हसू आलं. किती दिवसांनी! मान वर केली — आणि ज्वाळांपलीकडे, समोरच्या फुटपाथावर तो. टोपी खाली ओढलेली. एका पायावर भार टाकून उभं राहण्याची तीच ढब. मध्ये धूर आला. धूर गेला तेव्हा तिथं शेजारच्या सोकोरोचं कुत्रं होतं, बाकी कुणी नाही.

जुव्हेनाल विचारत होता, "काय झालं? अशी पांढरी का पडलीस?"

त्याला काय सांगू? की मी तुला हो म्हणणार होते, आणि तेवढ्यात तो येऊन उभा राहिला?

२४ जून

राखेत पाणी ओतलं. दिवसभर शिवणयंत्राला हात लावला नाही.

७ सप्टेंबर, स्वातंत्र्यदिन

शाळेचं संचलन पाहायला सासूबाईंना नेलं होतं. ढोलाच्या आवाजात त्यांनी हात कधी सोडवला कळलंच नाही. सापडल्या तेव्हा एका परक्या माणसाची बाही धरून उभ्या होत्या. "एराल्दो, घरी चल रे. कुणी रागावणार नाही."

तो बिचारा म्हणत होता, "आजी, मी कारुआरूचा. मी पॉपकॉर्न विकतो."

परत येताना मी त्यांचा हात घट्ट धरला. मला त्यांची लाज वाटली नाही. माझीच वाटली — बाही धरलेली पाहून क्षणभर मीही त्या माणसाचा चेहरा पाहायला धावले होते!

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

भांडण. असं कधीच झालं नव्हतं.

दफनभूमीत एराल्दोच्या नावाची फरशी आहे, खाली माती तेवढी. मी फुलं ठेवली, मेणबत्ती लावली. सासूबाई वाकल्या आणि फुंकर मारून विझवली.

"जित्या माणसाला मेणबत्ती लावतेस?"

"तो गेला, आई!"

"तू पाहिलंस? उचललंस? आंघोळ घातलीस?"

"मग कुठंय? चार वर्षं कुठंय? डोकं फिरलं तरी माणसाचे पाय घरची वाट विसरतात का?"

"तुला त्या पीठवाल्याच्या घरात जायचंय, म्हणून माझ्या पोराला पुरायला निघालीस!"

आजूबाजूच्या बायका माना खाली घालून फुलं नीट करत राहिल्या. मी मेणबत्ती परत लावली. त्यांनी परत विझवली. मी परत लावली. शेवटी वाऱ्यानंच विझवली.

मग त्या खाली फरशीवर बसल्या, आणि मला म्हणाल्या, अगदी हळू, "तू गेलीस तर मी कुणापाशी त्याची वाट पाहू?"

२५ डिसेंबर, नाताळ

तीन ताटं मांडली त्यांनी. दर वर्षीसारखी.

जुव्हेनाल गरम पाव घेऊन आला. मी म्हटलं, बस ना. सासूबाई म्हणाल्या, "ती जागा रिकामी नाही." त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मान डोलावली, आणि ओट्याला टेकून उभ्यानं जेवला. कुरकुर नाही, टोमणा नाही. उलट म्हणाला, "आजी, कोंबडी झकास झालीय!" त्यांनी दुसरा तुकडा त्याच्या ताटात टाकला.

तो गेल्यावर मी म्हणाले, "आई, मी त्याच्याशी लग्न करणार आहे. आणि तुम्ही आमच्याबरोबर राहणार आहात."

त्यांनी तिसरं ताट पुसून परत जागेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "एराल्दो आला की त्यालाच विचारू."

६ जानेवारी, तीन राजांचा सण

एराल्दो आला. भर दुपारी, उघड्या चेहऱ्यानं. अंगानं भरलाय. सगळं आठवतं त्याला. पेत्रोलिनाला असतो, बायको आहे, दोन मुली आहेत. "त्या दिवशी पुलावर पाणी पाहिलं आणि वाटलं, आता मला कुणी शोधणार नाही," असं म्हणाला. मला, उंबऱ्यात उभा राहून. माझ्या लग्नाचं कानावर आलं म्हणून आलाय. आईला भेटायचंय म्हणाला.

सासूबाई आतून आल्या. त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती, वळ अजून आहेत.

"कोण आहे गं हा?" त्या म्हणाल्या. "माझा मुलगा पुरात गेला. दार लाव, नाल्वा."

मी लावलं.