सुरी धाकटीला

मी, खाली सही करणारा, धंद्याने खाटीक, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडं आलं आहे; त्यावरून वकिलांनी बुद्धीची परीक्षा करू नये.

कलम १. घर आणि दुकान यांचे हिस्से आमच्या धर्माने ठरवलेलेच आहेत. त्यात मी नाक खुपसत नाही.

कलम २. माझी सुरी आणि धार लावायचा दगड धाकट्या मुलीला द्यावा. वारसालाच हिश्शाबाहेरचं काही द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते, ती विचारून घेतली आहे. माझ्यामागे कोणी शब्द फिरवू नये. मुलगा म्हणाला, "अब्बा, दुकान मी चालवणार आणि सुरी हिच्याकडे?" हो बाळा. तुझ्याकडे तराजू आहे, फ्रीज आहे, तोंड तर आहेच. सबुरी तेवढी नाही.

कलम ३. कारण नोंदवून ठेवतो. मुलाच्या लग्नात माझा थोरला भाऊ मदतीला धावला आणि एका बोकडासमोर दुसरा कापायला निघाला, तोही बोथट सुरीने. मी हात धरला. तो म्हणाला, "अल्लाचं नाव घेतलं की झालं!" मी म्हणालो, "भाईजान, जीव त्याचा आहे, म्हणून त्याचं नाव घेऊन परवानगी मागायची. परवानगी मागून छळायचं?" पाणी पाजावं, सुरी नजरेआड ठेवावी, धार अशी की क्षणात काम व्हावं, रक्त पुरतं वाहू द्यावं. हे सगळं पाळलं आहे या भरवशावर आया डोळे मिटून लेकरांना घास भरवतात. तो भरवसा मी कसा मोडू? जेवणाला उशीर झाला. भाऊ तणतणत गेला आणि अकरा वर्षं माझ्या घरी जेवला नाही.

कलम ४. गेल्या वर्षी नातू झाला, त्याच्या दावतीला माझा हात चालेना. मुलगा फोनवर. धाकटी शाळेत गणित शिकवते, तिने बाह्या सरसावल्या. "बाईच्या हातचं चालेल?" मुलाने मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, "मुसलमान आहे, नाव घेते, रीत जाणते. आणखी काय हवं, मिशा?"

सुरी ओढणीआड धरून ती बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो शांत झाल्यावर तिने नाव घेतलं. आवाज कापला, हात नाही. नंतर नळापाशी हात धुताना रडली. मी म्हणालो, "रडू येतंय तोवर सुरी तुझी. काहीच वाटेनासं झालं, की खाली ठेव."

त्या दिवशी भावजयीने भावाला ओढून आणलं होतं. दोनदा वाढून घेतल्यावर त्याने विचारलं, "जनावर कोणी केलं?" पुतणीने, असं कळल्यावर तो ताटावरून उठला. मग हात धुऊन तिच्याजवळ गेला. "बेटी, धार कशी लावतात ते दाखव. मला कोणी नीट शिकवलंच नाही."

शिकवणं माझं काम होतं का, मी धाकटा! पण मनातली अढी त्या दिवशी गेली. ती कोणाच्याही वाट्याला देत नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली. शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर.

सही: खाटीक

साक्षीदार:
१. मौलाना.
२. थोरला भाऊ. (कलम ३ वाचलं. चूक माझीच होती, पण एवढं सविस्तर लिहायची गरज नव्हती.)