पेडलचं रबर

ती. बाबांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. कामावरून परतीची बस कधी कधी चुकते, म्हणून जुनी गाडी घेतेय. तुमचा खोकला थांबला का?

काल एक चकचकीत गाडी पाहिली. मीटरवर किलोमीटरचा आकडा अगदी कमी. तुमच्यासारखं वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, तर पार गुळगुळीत. म्हणजे गाडी खूप चाललेली आणि मीटर मागे फिरवलेला.

विकणारा हसला, “ताई, गाडी बघताय की चप्पल?”

“माझे वडील मेकॅनिक आहेत,” मी म्हटलं. त्याने लगेच गाडीची किल्ली खिशात टाकली.

शेवटी एका नर्सबाईंची रंग उडालेली गाडी ठरवली. प्रत्येक ऑइल बदलल्याची तारीख त्यांनी वहीत लिहिलीय. ही गाडी वर्षानुवर्षं साथ देईल.

बाबा, कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या कामापुढे मी ‘व्यापार’ लिहिलं होतं. काल खरं बोलले, तेव्हा त्या खोट्याची लाज वाटली. माफ कराल ना?

तुमची लेक