दोन मनगटांची वेळ

७ तारीख, मंगळवार

‘चालकबंधूंनो! घड्याळ तुमच्या मनगटावर आहे, पण वेळ हवालदाराची आहे!’ — सुरुवात जमली. स्टँडवर पस्तीस मिनीबसचे चालक, आणि एकाच्याही हातातली विडी पेटली नाही. असं शांत ऐकणं मी या लोकांत पाहिलं नव्हतं.

दुखणं सगळ्यांचं एकच. पाण्याच्या टाकीपाशी गाडी आली की हवालदार विचारतो, “किती वाजले?” आपण खिडकीतून हात बाहेर काढायचा. पट्ट्याखाली घडी घातलेली नोट. तो वाकून घड्याळ बघतो, हात मागे जातो तेव्हा पट्टा सैल झालेला असतो. आमच्या निम्म्या घड्याळांना सेल नाही. आमच्यातल्या एकाला डोक्यावर केस नाहीत म्हणून सगळे टक्कल म्हणतात, त्याच्या घड्याळाला तर काटेच नाहीत! मी ते सभेत सगळ्यांना दाखवलं. हसून हसून लोटपोट झाले. हसले, म्हणूनच मग चिडले.

ठराव — गुरुवारपासून कोणी देणार नाही. वेळ विचारली तर वेळ सांगायची. मोठ्याने.

९ तारीख, गुरुवार

मला विचारलंच नाही!

‘दहा वाजून सात मिनिटं, साहेब!’ असं टाकीच्या आधीपासून तोंडात घोळवत होतो. त्याने नुसता हात हलवला — जा. माझ्या थोरल्या भावाची, दादाची गाडी नेहमीसारखी माझ्या पुढे होती, ती गेली की लगेच मी.

बाकीच्यांनी मात्र ठणकावून वेळ सांगितली. टक्कलने तर सेकंदसुद्धा सांगितले. प्रवासी टाळ्या पिटत होते म्हणे.

१० तारीख, शुक्रवार

आजही नाही विचारलं. घाबरला!

१३ तारीख, सोमवार

टक्कलचं लायसन्स गेलं. आरसा तडकलेला आहे म्हणून हवालदाराने ते मागून घेतलं आणि सरळ आपल्या खिशात घातलं. “पंधरा दिवसांनी ये.” कुठे यायचं, कोणाकडे — काही नाही. गाडी स्टँडवर उभी. आणखी दोघांचं तसंच.

टक्कलची बायको दुपारी स्टँडवर आली. चारचौघांत म्हणाली, “भाषण तुमचं, घरी बसले आमचे हे. तुमची गाडी बरी रोज सुटते?”

“माझ्या तोंडाला घाबरतात ते, वहिनी.”

“मग ते तोंड आठवडाभर आमच्या ह्यांना द्या.”

लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन कपाटातली पुस्तकं काढली. देशोदेशीचे संप, लढे, खटले — सगळं वाचलेलं, समासात खुणा केलेल्या. या बाईच्या प्रश्नासाठी एकेक उघडून पानं उलटत बसलो.

१४ तारीख, मंगळवार

बसवत नाही, झोपवत नाही. जेवताना घरची वहिनी, दादाची बायको, म्हणाली, “भाऊजी, हे हल्ली रविवारीही गाडी काढतात. पाठ धरलीय त्यांची. तुम्ही सांगा ना, तुमचं लोक ऐकतात.”

लोक ऐकतात. दादा ताट घेऊन मोरीकडे गेला.

१६ तारीख, गुरुवार

 आजचं आजच लिहितो.

माझी गाडी क्लचच्या कामाला गॅरेजात. म्हणून दादाच्या गाडीत चढलो, मागे, गाठोडी घेतलेल्या एका बाईच्या आड. त्याने बघितलं नाही. टाकी आली. हवालदार — “किती वाजले?”

दादाने हात बाहेर काढला. माझा दादा! ठरावाच्या दिवशी माझ्या शेजारी बसलेला!

हवालदार हलला नाही. दात काढून म्हणाला, “आणि धाकट्याचे किती वाजले?”

माझी गाडी आज निघालीच नव्हती, तरी दादा सीटवर वळला, दुसरा हात पुढे केला. त्या मनगटावरही घड्याळ! मी इतकी वर्षं समजत होतो, याला दोन घड्याळांची हौस आहे.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्यावर त्याला गाठलं.

“कधीपासून?”

“तू पहिलं भाषण केलंस ना, तेव्हापासून.”

“चार वर्षं?”

“आईने सांगितलं होतं. म्हणाली, तो बोलल्याशिवाय राहायचा नाही. त्याला कोणी हात लावता कामा नये, तू बघ.”

“आई जाऊन दोन वर्षं झाली, दादा.”

“सवय लागली रे.” मग खाली बघत, “तुझ्या गाडीचं आरटीओचं पासिंग संपलंय गेल्या वर्षी. ते तरी करून घे. धरली तर गाडी जप्तच करतील. नको म्हणालास, तर उद्यापासून तुझे पैसे देत नाही.”

 पस्तीस माणसांपुढे तासभर बोलणारा मी — ‘नको’ न म्हणताच गाडीतून उतरलो.

१७ तारीख, शुक्रवार

गॅरेजातून गाडी आणली. टाकीपाशी हवालदाराने हात हलवला. मी गेलो. सगळं माहीत असून गेलो! कालपर्यंत दादा देत होता. आजही नोट त्याचीच, पण दिली मी.

१८ तारीख, शनिवार

दादाला सकाळीच सांगितलं, आज देऊ नकोस. त्याने विचारलं, “नक्की?” नक्की.

टाकीपाशी आपण होऊन गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. खाली उतरलो.

“माझ्या गाडीचं पासिंग नाही. पावती फाडा.”

“अहो नेते, चला पुढे. खोळंबा होतोय मागे.”

“पावती.”

त्याने एक खिसा चापपला, मग दुसरा. “पावतीपुस्तक चौकीत राहिलंय.”

“उद्या आणाल?”

“बघू.” मग अगदी हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसं, “संपलंय हो ते. नवीन मागितलं की वरचे विचारणार, जुन्याचा हिशेब दे. कुठून देऊ?”

मागे भोंगे वाजत होते. त्याने मला अक्षरशः ढकलत गाडीत बसवलं. नऊ दिवस त्याला आम्ही घड्याळं वाचून दाखवत होतो, आणि तो मजेत होता. आज पावती मागितली, तर घामाघूम!

१९ तारीख, रविवार

दहाला सभा. भाषणाची चार पानं फाडली. आधी दादाचं आणि माझं सांगणार, टक्कलच्या बायकोकडे बघून. मग एवढंच — उद्या आठच्या फेरीला पहिली गाडी माझी, जप्त झाली तर होऊ दे. तुम्ही पस्तीसच्या पस्तीस माझ्या मागे टाकीपाशी थांबा, इंजिन बंद करा, आपापली खोट आपल्या तोंडाने सांगा आणि पावती मागा. हातात पडेपर्यंत हलू नका!