थांब्यावर शून्य

बाबा, आपल्या गावात येणारी सकाळची लाल गाडी बंद झाली. आता ती नाक्यावरूनच पनवेलला परत फिरते. ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा तुमी मिठागरातून तसेच पांढऱ्या पायांनी धावत आलात आणि डायवरच्या गळ्यात झेंडूची माळ घातलीत, म्हणून पहिलं तुमाला सांगते. रडगाणं नाय गात. खाडीतल्या चिंबोऱ्या आणि निवट्या पाटीत घालून त्याच गाडीनं मी जन्मभर पनवेलच्या बाजारात गेले. चिंबोरी जिती हाय तोवर गिऱ्हाईक. उन्हात मेली की फुकट पण कोण नेत नाय. म्हणून गाडी गेली म्हणजे माझा धंदा गेला, एवढंच.

संशय मला पहिल्यापासून होता. दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या मिनीबस सुरू झाल्या, नव्या बिल्डिंगीतल्या लोकांसाठी म्हणे. त्यातली एक रोज लाल गाडीच्या बरोब्बर पाच मिनिटं आधी यायची. ज्याला नुसतं पनवेलला जायचंय तो मागनं पण येईल. पाच मिनिटं आधी येतो, तो दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला येतो. सुरवातीला भाडं पण लाल गाडीपेक्षा कमी. आपल्याच गावची पोरं थंड हवा खात गेली. मी पाटी घेऊन चढायला गेले, तर डायवर म्हणतो, "आजी, पाटी नाय चालणार. एसी गाडी हाय, वास बसतो." मी म्हटलं, "तुला तुझ्या आईनं काय अत्तर पाजून वाढवला काय रे?" सगळी गाडी हसली. पाटी खालीच राहिली.

मग पाऊस सरल्यावर एक माणूस आपल्या थांब्यावर उभा राहायला लागला. इस्त्रीचा शर्ट, हातात वही. मला विचारतो, "आजी, इथून रोज किती जणं जाता?" बाबा, तेव्हा तुमी आठवलात. मी सात-आठ वर्षांची हाय, वाडीत पडलेले आंबे वेचतेय. बांधावर असाच एक वहीवाला उभा हाय. गोळी देतो आणि विचारतो, तुमची झाडं किती? मी बोटं मोजून अकरा सांगते. घरी आल्यावर तुमी माझा दंड धरून गदागदा हलवता. "वहीवाल्याला खरा आकडा सांगायचा नाय. तो मोजतो ते न्यायला मोजतो." दुसऱ्या दिवशी तुमी स्वतः जाऊन पाच सांगून आलात. जमीन सरकारात जायची ती गेलीच, आणि भरपाई पाच झाडांची मिळाली. हे तुमाला तोंडावर कधी बोलले नाय. आता बोलते.

तरी त्या सकाळी तुमचंच ऐकलं. त्याला म्हटलं, "इथून कोण जातंय? मी आपली ऊन खायला बसलेय." मग पाटीवाल्या पाचही बायकांना बाजूला घेतलं. "हा मिनीबसवाल्याचा माणूस हाय. आपल्याला हेरतोय. याच्यासमोर गाडीत चढायचं नाय." एक म्हणाली, "काकी, मग काय उडत जायचं?" म्हटलं, "देवळाच्या वळणावर चल, तिथं हात कर." लाल गाडी हात केला की कुठंही थांबते, म्हणून तर ती आपली. आठ दिवस आमी सहा जणी डोक्यावर पाट्या घेऊन वळणापर्यंत पळालो, आणि तो थांब्यावर एकटा, माश्या मारत. मला हसू आवरत नव्हतं.

गाडीच्या शेवटच्या दिवशी पाटी उतरवून देताना कंडक्टर हळूच म्हणाला, "आजी, डेपोतून साहेब मोजायला आला होता. तुमच्या थांब्याला आठही दिवस शून्य लिहिलंय. आणि तुमी चढायच्या वळणावर, म्हणजे तिकिटं पण पुढच्या थांब्याची फाटली." हा पण थापा मारतोय, असं माझ्या मनात आलं. पण थापा मारून त्याला काय मिळणार होतं?

आता आमी नाक्यापर्यंत चालतो. न्हावा शेव्याचे कंटेनर अंगाला घासून जातात, पाटीतलं पाणी मानेवर सांडतं. दोघींनी धंदा सोडला. एक म्हणाली, "सुनेची बोलणी खाईन, पण त्या रस्त्यावर मरायची नाय." आणि मिनीबसवाल्यानं लाल गाडी जाताच भाडं वाढवलं, दुपारची फेरी बंद केली. तेवढा माझा संशय खरा निघाला.

सगळं गाव त्याच्या नावानं खडे फोडतं. यानंच डेपोत कुणाला तरी चारलं, म्हणतात. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणते. उद्या सगळ्या जणी गाडीसाठी अर्ज घेऊन डेपोत जाणार हायत आणि बोलायला मला पुढं केलंय. "काकी, तुमच्या तोंडापुढं साहेब टिकायचा नाय." पण तिथं तो इस्त्रीवाला बसलेला असणार, आणि माझं हे तोंड तो विसरला नसणार.

नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून हे लिहिलं. माझं चौथीचं अक्षर तिला लागत नाय, ते बरं हाय. तुमाला पाठवायचं तर पत्ता कुठला घालू? चूल पेटवताना आत घालीन. सुनेला आत्ताच सांगून ठेवलंय, गुडघा सुजलाय, उद्या जमेल असं वाटत नाय. गुडघ्याला काही झालेलं नाय, बाबा.